अंडं न फोडण्याचा नेम

३ एप्रिल १९७३, मंगळवार

सकाळी खुराड्यात हात घातला आणि अंडं हातातच गळालं. फुटलं म्हणणंही बरोबर नाही. कवचच नव्हतं. ओल्या कातड्याची पिशवी. बोटांतून पिवळं धोतरावर. मी उकिडवा तसाच बसून राहिलो. कोंबडी पोत्यावर निवांत, जणू तिचं काही गेलंच नाही.

आज अंडी १५. त्यात पातळ ४, बिनकवचाचं १.

हात धुवायला पाणी मागितलं. कारभारणीनं राख पुढं केली. बरोबरच आहे. टँकर काल आला नाही.

मनात एकच. नेम मोडला का? मी फोडलं नाही, आपण होऊन गेलं. तरी त्रिसरण म्हणताना जीभ अडखळली.

५ एप्रिल, गुरुवार

अंडी १४, पातळ ६. एकाला बोट लावलं तर खळगा पडला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. गेल्या आखाडात सूनबाई सुमनचं सहाव्या महिन्यात पडलं. खडी फोडायला जात होती. घमेलं डोक्यावर असतानाच. त्या पौर्णिमेला विहारात मी नेम धरला, की नातवंडाचं तोंड बघीपर्यंत या घरात अंडं फोडायचं नाही, कुणी खायचं नाही. ज्या घरात एक जीव राहिला नाही, त्या घरानं दुसऱ्याचा कोवळा जीव फोडू नये, एवढंच मनात होतं.

आता ती पुन्हा गरोदर. सातवा सरत आला. पौषात कोंबडीपालन संस्थेनं तिच्या नावावर चोवीस पांढऱ्या कोंबड्या दिल्या म्हणून ती घरी आहे, खडीवर नाही. अंडी कोंड्यात बसवून यष्टीनं सोलापूरला जातात. विकायला नेम आड येत नाही. कोंबड्या गेल्या तर तिला पुन्हा हातोडा घ्यावा लागेल. मी तलावाच्या कामावर मुकादम आहे. माझ्याच हजेरीपटात तिचं नाव मलाच लिहावं लागेल.

पातळ अंडी संस्था घेत नाही. सूनबाई ती वाटीत घेऊन शेजारी लिंबाजीकडं देऊन येते. तो माझा चुलतभाऊ. त्याच्याकडं नेम नाही.

८ एप्रिल, रविवार

संस्थेचा सेक्रेटरी मोटारसायकलवरून आला. अंडी एकेक कानाशी धरून हलवून बघितली. सात बाजूला काढली.

"अण्णा, हे काय हाय? अंडी का बुडबुडं?"

म्हणालो, खाद्य तुमचंच, कवच घट्ट व्हायला घालतो तो शिंपल्याचा चुरा तुमचाच.

"सगळ्या गावाला त्योच चुरा हाय. बाकीच्यांची अंडी दगडावानी. तुमच्याच घरात काय झालं?" मग जाताना, गाडी चालू करून, "महिनाअखेरपातूर बघू. न्हाय सुधारलं तर कोंबड्या दुसऱ्या मेंबराला. माझ्या हातात काय न्हाय, चेअरमन बसलेत डोक्यावर."

सूनबाई दाराच्या आड उभी होती. सगळं ऐकलं असणार. पदर डोळ्यांपर्यंत. ती माझ्याशी बोलत नाही, सासऱ्याशी बोलायची रीत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, तिचा आवाज मी घरात दुसऱ्याशी बोलतानाच ऐकला आहे.

९ एप्रिल, सोमवार

पातळ ८. काय लिहावं.

वस्तीतल्या बायका म्हणतात भानामती आहे, उतारा टाका. कारभारीण दोन दिवस मीठ-मिरच्या हातात घेऊन घुटमळते आहे, माझ्याकडं बघते आणि ठेवून देते.

चमत्कार असा की आमची तांबडी गावरान कोंबडी, जी कुणाच्या नावावर नाही, दिवसभर उकिरडा उकरते, तिचं अंडं आज जमिनीवर घरंगळलं तरी फुटलं नाही. जाळीतल्या पांढऱ्या, ज्यांना आयतं खाद्य, त्यांचं हे. जी हिंडते तिला तिचं तिला सापडतं. कोंडलेलीला जे द्याल तेच. यावर बराच वेळ विचार केला. पुढं काही सुचलं नाही.

सूनबाई भिंत धरून चालते. कारभारीण म्हणाली, पायात गोळे येतात तिच्या. या दिवसांत येतातच.

१२ एप्रिल, गुरुवार

तुळजापुराहून जनावरांचा डॉक्टर आणला. दुष्काळी छावणीत बैल तपासायला आला होता, तिथून हातापाया पडून. तरणा आहे, पण नजर बारीक.

शिंपल्याचा चुरा तळहातावर घेतला. पिशवीतून बाटली काढून दोन थेंब टाकले. फसफस फेस आला. "माल अस्सल आहे. संस्थेला शिव्या देऊ नका."

मग खुराड्यात वाकून चुऱ्याचं खापर बाहेर काढलं. आत बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

"हे कोण धुतं?"

"धुनार कोन? प्यायला पानी न्हाय," कारभारीण मागून म्हणाली.

"मग कोंबड्यांनी चाटून पुसलं म्हणता? कोंबडी गाईसारखी चाटत नाही, मालक. तिला लागेल तेवढाच शिंपला टिपते, बाकी तसाच ठेवते. तळाशी भुगा राहायलाच पाहिजे. इथं भुगाही नाही." मग माझ्याकडं सरळ बघून, "चुरा कोंबड्यांच्या पोटात जात नाही. दुसरीकडं जातो."

डबा उघडून बघितला. रोज एक वाटी, तेवढाच उतरलेला. म्हणजे डब्यातून चोरी नाही. वाटी भरून सूनबाई खुराड्याकडं नेते आणि तिथून पुढं तो नाहीसा होतो.

शिंपल्याचा चुरा! कोण नेणार? कशाला?

१३ एप्रिल, शुक्रवार

उत्तर सापडलं असं वाटतं. लिंबाजी. जयंतीसाठी विहाराला चुना द्यायचं काम त्याच्याकडं आहे. खुराडं त्याच्या भिंतीला लागून. हात घातला की खापर. चुना कुठून आणला विचारलं तर हसून म्हणाला होता, "आला कुठनं तरी." शिंपला भाजला की चुनाच.

माझी अंडी खातो आणि माझा शिंपला नेतो. झोप नाही लागायची.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. आज माझ्या तोंडून जे गेलं ते लिहायला हात धजत नाही.

वंदना झाली. पंचशील म्हणून झालं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे म्हणून तोंड मिटलं न मिटलं तोच बाहेर ओट्यावर लिंबाजीला म्हणालो, विहाराच्या भिंती माझ्या सुनेच्या पोटावर पाय देऊन रंगवल्यास तू. मी सगळं बोललो, खापर, डॉक्टर, फेस.

लिंबाजी आधी हसला. त्याला वाटलं थट्टा. मग हसू गेलं.

"अण्णा, एवढ्याशा वाटीभर शिंपल्यात भिंत रंगती व्हय? तसं असतं तर मी समुद्राकाठी विहार बांधला असता की." लोक हसले. तो नाही हसला. "चुना नळदुर्गाहून आनला. टरकवाल्याच्या हातापाया पडून, टपावर टाकून. ह्ये बगा पाठ." सदरा वर केला. पाठीवर चुन्यानं भाजल्याचे लाल चट्टे. सडकेपासून विहारापर्यंत पोतं पाठीवरून आणलं होतं.

"तुमची पातळ अंडी खाऊन मी माजलो म्हना की. उद्यापासून पाठवू नगा."

मी घरी आलो. पण मनातून संशय गेला नाही, हेही लिहितो. पाठ भाजली म्हणजे चोरी केली नाही असं थोडंच.

१५ एप्रिल, रविवार

पातळ ९. सूनबाई पातळ अंड्यांची वाटी घेऊन दारात उभी. लिंबाजीकडं द्यावी का नाही कळेना तिला. मीच म्हणालो, पुरून टाक उकिरड्यात. तिनं पुरली. वाकताना कमरेला हात.

१७ एप्रिल, मंगळवार. पौर्णिमा

तलावावर सुरुंग लावायचे म्हणून दुपारी बारालाच माणसं सोडली. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं पातेलं तसंच होतं, लेकरांना वाटून संपवलं. एक मूठही घरी आणायची नाही हा माझा रिवाज. मुकादमानं आणली तर मागं सगळे आणतील.

घरी आलो. कारभारीण टँकरच्या रांगेत. दार लोटलेलं. लोटून आत गेलो.

सूनबाई चुलीपुढं. तव्यावर शिंपल्याचा चुरा भाजत होती. पदरात दोन वाटे केले होते, कोंबड्यांचा मोठा, दुसरा लहान. लहान वाट्यातला चिमूटभर उचलून तोंडात टाकला, फुटाणे टाकावेत तसा. डोळे मिटून चावत होती. ओठ पांढरे.

मी वहाण काढलेली नव्हती. तसाच उभा.

तिनं बघितलं. तोंडातलं गिळताही येईना, थुंकताही येईना. पदर ओढायला गेली तर दोन्ही वाटे जमिनीवर सांडले. आणि तिनं काय करावं, तर ती आधी कोंबड्यांचा वाटा गोळा करायला लागली.

मी बाहेर आलो. ओसरीवर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. पौर्णिमेची वंदना चुकली.

१८ एप्रिल, बुधवार

काल रात्री कारभारणीला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"माती खाती येवढं ठावं व्हतं. बायका खात्यात. म्या बी खाल्ली, उत्तमच्या येळंला. भित्तीची, पोतेऱ्याची. काय वास असतो त्येला! पर औंदा आपल्या भित्तीला पोतेराच न्हाय. पानी कुठाय पोतेरा घालाया? मंग ती काय खानार."

मी म्हणालो, शिंपला? माणसानं?

"आंग मागतंय तिचं. रेशनच्या मिलोची भाकर आन् मिरचीचा खर्डा. गाय छावनीत, शेळी इकली. दूध बघितलं न्हाय तिनं पौषापासनं." मग थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून, "दारात चोवीस कोंबड्या. आन् तुमचा नेम."

एवढंच बोलली. मला वाटलं कुणी पाण्यात ढकललं.

पातळ अंड्यांची वाटी रोज तिच्याच हातानं जात होती. शेजारी. आणि परवा उकिरड्यात. मी सांगितलं पुर, तिनं पुरलं.

१९ एप्रिल, गुरुवार

लिंबाजीच्या दारात गेलो. तो बाजेवर पालथा, बायको पाठीला तेल लावत होती. खरं ते सांगितलं. सुनेचं नाव घेणं जड गेलं, पण त्याशिवाय त्याच्यावरचा आळ जात नव्हता.

तो उठून बसला. माझ्यापेक्षा त्यालाच धक्का बसला. "सुमननं? शिंपला? अन् रोज वाटी भरून आमाला अंडी!" त्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला.

मी माफी मागितली. म्हणाला, "हितं न्हाय. जयंतीला चार लोकांत चोर म्हनलात, तर चार लोकांतच साव म्हना. रविवारी. आन् तिचं नाव घेऊ नगा. चूक माझी, म्हना, बस."

माझ्यापेक्षा शहाणा आहे. धाकटा असून.

२१ एप्रिल, शनिवार

नर्सबाई वस्तीत आल्या होत्या. कारभारणीनं बोलावून आणल्या. मी ओसरीवर. बाहेर आल्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अंडं पातळ झालं तर डॉक्टर आणलात म्हणे तुळजापूरचा."

हो म्हणालो.

"हिच्यासाठी कुणाला आणलंत?"



म्हणाल्या, पोटातलं पोर आपल्याला लागेल ते आईच्या हाडातून ओढून घेतं, आईची हाडं पोकळ होतात. पायातले गोळे त्याचेच. भाजलेल्या शिंपल्यानं पोट बिघडेल, तोंड सोलून निघेल, तो बंद. चुन्याच्या गोळ्या संपल्या आहेत, वरून मागवल्या आहेत, कधी येतील देव जाणे. तोपर्यंत दूध. दूध नाही? मग रोज दोन अंडी. "घरात कोंबड्या आहेत, नशीब तुमचं. दुसऱ्यांदा कूस रिकामी होऊ द्यायची नसेल तर आजपासून." एक गेलंय, हे त्यांच्या वहीत आहे.

मी मान हलवली. नेमाचं बोललो नाही. लाज वाटली. कुणाची, ते अजून कळत नाही.

२२ एप्रिल, रविवार

विहारात उभा राहून म्हणालो, लिंबाजीवर आळ घेतला तो खोटा, चूक माझी. कुणी काही विचारलं नाही. लिंबाजी मागून म्हणाला, "आता अण्णा, भित्त कशी रंगली ते बी सांगा." म्हणालो, चांगली रंगली. लोक हसले. हलकं वाटलं, घडीभर.

नंतर शाळेचे गुरुजी, तेच वंदना घेतात, त्यांना गाठलं. नेम सोडायचा आहे, विधी काय?

"विधी? अण्णा, नवस आपण नदीत सोडले त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. तुम्हीच घरातले देवांचे टाक पोत्यात भरून नेले होते. आणि आता अंडं न फोडल्यानं नातू वाचेल, हे काय आहे?"

म्हणालो, मी अहिंसेचा म्हणून.

"अहिंसेचा असता तर मुदत घातली नसती. नातवंडाचं तोंड बघीपर्यंत, ही मुदत कुणाशी बोललात?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर आणखी एक आहे समजून पाय टाकावा, तसं झालं. कुणाशी बोललो होतो मी?

२३ एप्रिल, सोमवार

कारभारणीला सांगितलं, नेम सुटला. आजपासून सूनबाईला दोन अंडी.

तिनं गावरान कोंबडीचं उकडलं, मीठ घालून पुढं ठेवलं. सूनबाईनं वाटी सरकवली. कारभारीण रागावली, मग गोंजारलं, मग पुन्हा रागावली. शेवटी वाटी झाकून ठेवली. संध्याकाळपर्यंत तशीच.

चुराही सोडला आहे तिनं. कारभारीण म्हणते, तुमी बघितल्यापासनं शिवली न्हाय. वाटीच्या वाटी कोंबड्यांना.

२५ एप्रिल, बुधवार

पुन्हा तेच. उकडलेलं नको, पोळा नको. भीड म्हणावी का हट्ट.

आज मी चुलीच्या भिंतीआड ओसरीवर बसून मोठ्यानं बोललो, कारभारणीला सांगितल्यासारखं, ऐकणारी दुसरीच. नेम माझा होता. मी धरला, मी सोडला. गुरुजींना विचारलं. कुणाला काही होणार नाही.

आतून आवाज आला. कारभारणीचा नव्हे.

"मामा."

मी दचकून उठून उभा राहिलो.

"मामा, गुरुजींनी सोडला. पर पोटातल्याला कोन सांगनार? सात महिनं ऱ्हायलंय ते. मागल्या येळंला नेम नव्हता, न्हाय ऱ्हायलं. औंदा हाय, तर ऱ्हायलंय. तुमचाच नेम हाय. हातातोंडाशी आल्यावर म्या का मोडू? लेकरू हातात आलं की खाईन की. लई खाईन."

शेवटी हसल्यासारखं वाटलं. का रडल्यासारखं.

तीन वर्षांत पहिला शब्द.

मी जे विहारात एकट्यानं धरलं, ते तिनं पोटाशी धरलं आहे. माझ्या हातून सोडवेना.

२७ एप्रिल, शुक्रवार

अंडी १७. पातळ एकही नाही. एक मुद्दाम नखानं टकटक केलं. टणक. इतकं टणक की मला घाम फुटला.

सेक्रेटरी येऊन गेला. कानाशी धरलं, हलवलं, हसला. "काय जादू केली, अण्णा? आमाला बी सांगा. कोंबड्या तुमच्याकडंच ऱ्हात्याल." सूनबाईकडं बघून, "बाई, झ्याक काम केलंत."

ती दारात टेकून उभी होती. पायाचा घोटा धरून. चेहरा विहाराच्या भिंतीसारखा.

तिला खडीवर जावं लागणार नाही. हेच तर हवं होतं.

२९ एप्रिल, रविवार

सुट्टी म्हणून मुलगा उत्तम सोलापूरहून आला. गिरणीत बदलीवर आहे, कापूस अजून केसांत. आईनं त्याला सगळं सांगितलं.

माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "आबा, नेम-बिम धरायचा व्हता तर स्वतःच्या पोटावर धरायचा!" मग बायकोवर. मग पाण्याच्या रिकाम्या घागरीवर लाथ. मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले.

सूनबाई त्याला म्हणाली, "तुमी कशाला मधी पडता? मामांचं आन् माजं हाय हे."

त्यावर त्यानं लाथाडलेली घागर उचलून सरळ ठेवली.

जाताना चादरीतून बिस्किटांचा पुडा काढून तिला दिला. तो तिनं खाल्ला. अर्धा आम्हाला वाटून.

१ मे, मंगळवार

मीच मोडला.

सकाळी खुराड्यातून गरम अंडं घेतलं. अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत, वाटीच्या काठावर आपटलं. एकदा फुटलं नाही. कवच घट्ट झालं आहे. दुसऱ्यांदा फुटलं. कच्चंच प्यालो. नऊ महिन्यांनी. गळ्यातून उतरता उतरेना, गरम, मिठाशिवाय.

म्हणालो, "झालं. माझा नेम मीच मोडला, पोरी. आता तुझ्यावर काही नाही. जे व्हायचं ते माझ्यावर."

मला वाटलं होतं सुटेल ती. तिनं दोन्ही हात पोटावर धरले, असे, की कुणी मारायला धावलं आहे. कारभारीण धावली. धरून आत नेलं.

दिवसभर भाकरीही नाही. कारभारीण माझ्याशी बोलत नाही. तिचंही बरोबर. मी काय केलं? तिच्या हातातला आधार काढला आणि बदल्यात काय दिलं? स्वतःचं तोंड ओशाळं.

वाटीत कवचाचे दोन तुकडे. टाकून द्यायलाही हात जाईना.

२ मे, बुधवार

सूनबाई म्हणते हालत नाही. कालपासून.

नर्सबाईंना निरोप. लिंबाजी सायकलनं तामलवाडीला गेला, न सांगता, पाठ अजून बरी नाही.

कामावर गेलो नाही. हजेरीपट दुसऱ्याकडं.

बुद्धं सरणं गच्छामि. पुढं म्हणता येईना. मागायचं नाही, हे शिकवलं आहे आम्हाला. शरण जायचं, मागायचं नाही. पण आज मागितल्याशिवाय बसवत नाही आणि मागायला कुणी ठेवलेलं नाही. मीच पोत्यात भरून नेले.

दुपारी तीन. नर्सबाई आल्या. पोटाला कान लावला, नळी लावली. किती वेळ. मग बाहेर येऊन म्हणाल्या, ठोका आहे. मंद आहे, पण आहे. उपाशी राहिली म्हणून दमलंय ते. "आई खाईना तर पोर काय नाचणार? आज हिच्या पोटात काही गेलं नाही तर उद्या सोलापूर. गाडी बघून ठेवा."

सूनबाईनं ते ऐकलं. नर्सबाईंना हळूच विचारलं, असं कारभारणीनं नंतर सांगितलं, "मामांनी मोडला तरी हाय न्हवं?" त्या म्हणाल्या, "काय मोडला?" त्यांना काय ठाऊक.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, हाललं. एकदाच. मग पुन्हा नाही.

तांदळाची पेज चार घोट घेतली.

४ मे, शुक्रवार

काल सोलापूरला न्यायचं ठरलं होतं. सकाळी ती उठून बसली, म्हणाली बरं आहे, नको. ट्रकवाला उद्याही जाणार आहे. त्याला थांबायला सांगितलं आहे. गोळ्या अजून आलेल्या नाहीत.

आज अंडी १६. सगळी चांगली. मोजतो आणि ठेवतो.

दिवेलागणीच्या आत कारभारणीनं एक अंडं उकडलं. तिला काही बोलली नाही, आग्रह केला नाही. वाटीत ठेवलं, मीठ ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी ओसरीवर बसली. चार दिवसांत पहिल्यांदा जवळ बसली.

मी विचारलं, बघितलं तिनं?

"बघितलं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय. म्हनली, दार लोटून घ्या."

बसलो. रस्त्यानं छावणीची गाडी गेली. लिंबाजीनं पलीकडून खाकरून विचारलं, काय खबर? मी हातानं थांब केलं.

मग आतून टरफल वाजलं. बारीक, कुरकुर. थांबलं. पुन्हा वाजलं.

कारभारणीनं माझं मनगट धरलं. अंडं सोलत होती, का नुसतं टरफल चावत होती, लोटलेल्या दारातून कळेना. उठून बघावं असं दोघांच्याही मनात. दोघंही उठलो नाही.